चाकांच्या खुर्चीतील विद्यार्थिनी : डॉ. मेरी वर्गीस बाई

विद्या संपादण्यासाठी समुद्रापार गेलेल्या पुष्कळ स्त्रीपुरुषांची चरित्रे आपल्या वाचनात येतात. कोणी दारिद्र्याशी झगडून गेले, कोणी समाजाचा विरोध सोसून गेले. परंतु जिला स्वतःच्या पायांवर उभे राहता येत नव्हते अशी एक हिंदी स्त्री प्रथम ऑस्ट्रेलियास व नंतर अमेरिकेस गेली, आणि ज्यांचे हातपाय निकामी झाले आहेत त्यांस पुन्हा संसारात व कामधंद्यात कसे आणावे ही विद्या शिकून स्वदेशी परत आली, ही हकीकत आपल्या खेड्यापाड्यांतील वाचकांस फारशी ठाऊक नसावी. ह्या विद्येस पुनर्वसनशास्त्र असे म्हणतात. आणि ती स्त्री म्हणजे वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस बाई. पहिल्या प्रवासास त्या रोगी म्हणून निघाल्या होत्या व दुसऱ्या प्रवासास विद्यार्थिनी म्हणून. रोगी म्हणून जे भोगले त्यातूनच त्यांच्या विद्येचा पाया घातला गेला, म्हणून त्यांचे चरित्र आरंभापासून सांगणे योग्य होईल.

बालपण व शिक्षण

मेरीबाईंचा जन्म सन १९२५ च्या मे महिन्यात कोचीन येथे झाला. घराणे मल्याळी ख्रिस्ती असून सुखवस्तू होते, आणि वडील सार्वजनिक कारभारात लक्ष घालणारे गृहस्थ होते. घरात भावंडे पुष्कळ. मुलींस शाळेत घालण्याची चाल त्या भागात इतर अनेक प्रांतांपेक्षा लवकर पडली असल्यामुळे मेरीच्या शिक्षणास अडथळा आला नाही. शालेय शिक्षणानंतर एर्नाकुलमच्या महाराजा कॉलेजात अभ्यास करून सन १९४६ मध्ये ती वैद्यकी शिकण्यासाठी वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली.

वेल्लोर हे गाव मद्रासच्या, म्हणजे हल्लीच्या चेन्नईच्या, पश्चिमेस सुमारे १४० किलोमीटरवर आहे. तेथील वैद्यकीय कार्याचा आरंभ अमेरिकन मिशनरी डॉ. आयडा स्कडर बाई ह्यांनी सन १९०० मध्ये एकाच खाटेच्या दवाखान्याने केला. आयडाबाई तरुण असता एका रात्री तीन निरनिराळ्या घरांतील पुरुष आपल्या प्रसूत होत असलेल्या बायकांसाठी मदत मागावयास त्यांच्या दारी आले. आयडाबाईंचे वडील डॉक्टर होते. परंतु परपुरुषाने आपल्या स्त्रीस तपासावे हे त्या तिघांसही मान्य नव्हते. सकाळपर्यंत तिन्ही स्त्रिया मरण पावल्या. त्या रात्रीमुळे आयडाबाई स्वतः वैद्यकी शिकल्या व सन १९१८ मध्ये त्यांनी स्त्रियांकरिता वैद्यकीची शाळा काढली. पुढे त्या शाळेचे महाविद्यालय झाले, आणि सन १९४७ पासून तेथे पुरुष विद्यार्थीही घेऊ लागले.

अशा ठिकाणी शिकणाऱ्या मेरीलाही बायकांची डॉक्टर व्हावे असे वाटावे, ह्यात नवल नाही. पदवी घेतल्यावर ती त्याच इस्पितळात कामास राहिली, आणि स्त्रीरोग व प्रसूती ह्या शाखेत पुढे जाण्याचा तिचा मनोदय होता. प्रसूतीचे काम म्हणजे रात्री-अपरात्री धावपळ आणि तासन्‌तास उभे राहणे. निरोगी व उमेदीच्या त्या तरुण डॉक्टरणीस त्याचे काही वाटत नव्हते.

अपघात

सन १९५४ मध्ये इस्पितळातील काही तरुण डॉक्टर मोटारीने सहलीस निघाले असता वाटेत त्यांची गाडी उलटून मोठा अपघात झाला. गाडीतील अनेक जण जखमी झाले, आणि सर्वांत जबर इजा झालेल्यांपैकी मेरीबाई एक होत्या. त्यांचा चेहरा फाटला व त्याचा व्रण जन्मभर राहिला. परंतु त्याहून मोठी इजा डोळ्यांना दिसत नव्हती. त्यांच्या पाठीच्या कण्याला मार बसून खालचे अंग कायमचे लुळे पडले होते.

आपल्या पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू नावाची नाजूक दोरी मेंदूपासून खाली कमरेपर्यंत जाते. हातपाय हलविण्याचे हुकूम मेंदूकडून ह्याच वाटेने खाली जातात, आणि टोचणे, भाजणे, दुखणे ह्यांची खबर ह्याच वाटेने वर येते. कणा मोडून ही दोरी दुखावली, म्हणजे त्या जागेच्या खालचे अंग हलत नाही व त्याला काही कळतही नाही. लघवी व शौच ह्यांवरचा ताबाही पुष्कळदा जातो. हात किंवा पाय मोडला तर हाड सांधते. मज्जारज्जू तुटल्यास तो सांधण्याचा खात्रीचा उपाय वैद्यकशास्त्राला अद्याप सापडलेला नाही.

मेरीबाई स्वतः डॉक्टर असल्यामुळे आपणांस काय झाले आहे ह्याविषयी त्यांची फार काळ फसवणूक होणे शक्य नव्हते. कालपर्यंत दुसऱ्यांची शुश्रूषा करणारी स्त्री आज अंथरुणात कुशीवर वळण्यासाठीही दुसऱ्याच्या हाताची वाट पाहू लागली. त्यांस अत्यंत नैराश्य आले. आपण जगलोच कशाला, हा विचार त्यांच्या मनाला ग्रासून राहिला. अशा प्रसंगी येऊन भेटणारे पुष्कळ असतात व सांत्वनाचे शब्दही पुष्कळ बोलले जातात. परंतु सर्व जण गेल्यावर रोगी आपल्या निर्जीव पायांकडे पाहत एकटाच उरतो. ते एकटेपण मेरीबाईंनी महिनोन्‌महिने भोगले.

डॉ. ब्रँड साहेबांची सूचना

त्या वेळी वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड नावाचे शस्त्रवैद्य होते. त्यांचा जन्म सन १९१४ मध्ये तमिळ मुलखातील कोल्ली डोंगरावर मिशनरी आईबापांच्या पोटी झाला होता. लंडनला वैद्यकी शिकून सन १९४६ मध्ये ते वेल्लोरला आले, आणि कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या हातांवर त्यांनी अशा शस्त्रक्रिया सुरू केल्या की त्यांचे नाव जगभर झाले.

कुष्ठरोगात बोटे आपोआप सडून झडतात अशी तेव्हा सर्वांची समजूत होती, आणि पुष्कळ ठिकाणी ती आजही आहे. ब्रँड साहेबांनी बारकाईने पाहिले तेव्हा निराळेच सत्य आढळले. हा रोग मज्जातंतूंस मारतो. त्यामुळे हातापायांची जाणीव जाते. मग रोगी तापलेले भांडे धरतो, त्याला कळत नाही. पायात काच शिरते, तसाच चालतो. जखमेवर जखम होऊन बोटे झिजतात. त्यांचा नाश केवळ रोगाने होत नाही. दुःखाची जाणीव नसल्यामुळे त्यांची राखण कोणी करीत नाही, हे त्याचे मोठे कारण होय. वेदना ही आपणांस शत्रू वाटते, पण ती घराची राखणदारीण आहे. (हल्ली हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो, व ती औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, हेही येथे सांगून ठेवणे बरे.)

ह्याच रोगाने तळहातातील लहान स्नायू मेले म्हणजे बोटे आकडीसारखी वळतात. परंतु कोपराखालचे मोठे स्नायू बहुधा शाबूत असतात. स्नायूला हाडाशी जोडणारी जी दोरी तिला कंडरा म्हणतात. शाबूत स्नायूंपैकी एकाची कंडरा काढून ती बोटांकडे वळवून जोडली, आणि नंतर काही आठवडे हाताला पद्धतशीर व्यायाम दिला, तर तो स्नायू मेलेल्या स्नायूचे काम शिकतो. मूठ पुन्हा उघडते. घास घेता येतो, खुरपे धरता येते.

ही शस्त्रक्रिया करताना रोग्याचा हात मेजावर ठेवलेला असतो व शस्त्रवैद्य बसूनच काम करतो. ब्रँड साहेबांच्या हे ध्यानी आले की मेरीबाईंस प्रसूतीचे काम आता करता येणार नाही. परंतु त्यांचे हात धड आहेत, नजर धड आहे, शिक्षण झालेले आहे, तर हातांची शस्त्रक्रिया त्यांनी का करू नये? त्यांनी तसे मेरीबाईंस सुचविले. प्रथम मेरीबाईंस ते अशक्य वाटले. तथापि हळूहळू त्या चाकांच्या खुर्चीत बसू लागल्या, शस्त्रक्रियेच्या दालनात जाऊ लागल्या, पाहू लागल्या, मदत करू लागल्या, आणि अखेरीस स्वतःच्या हातांनी शस्त्रक्रिया करू लागल्या.

वाचकहो, त्या दालनातील स्थिती ध्यानात घ्या. मेजावर जो हात आहे त्याला जाणीव नाही. तो दुरुस्त करणाऱ्या डॉक्टरणीच्या पायांस जाणीव नाही. समाजाने दूर लोटलेले ते रोगी जेव्हा चेहऱ्यावर व्रण असलेली व खुर्चीला खिळलेली डॉक्टर आपला हात हाती घेते असे पाहत, तेव्हा त्यांचा संकोच गळून पडे. जे निरोगी डॉक्टरांस मोठ्या प्रयासाने साधे ते मेरीबाईंस केवळ समोर येऊन बसल्याने साधत असे.

ऑस्ट्रेलियातील शिक्षण : रोगी म्हणून

असे असले तरी मेरीबाईंचे स्वतःचे जीवन पुष्कळ अंशी दुसऱ्यांवर अवलंबून होते. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून स्नानगृहात, प्रत्येक वेळी कोणीतरी उचलावे लागे. ह्यातून बाहेर पडण्याची विद्या जगात नुकतीच सिद्ध झाली होती. पूर्वी ज्याचा मज्जारज्जू तुटला तो मनुष्य बहुधा थोड्या महिन्यांत, फार तर एकदोन वर्षांत मरत असे. तो कण्याच्या इजेने मरत नसे, तर पाठीला पडलेल्या जखमा सडून आणि मूत्राशयात विष होऊन मरत असे. जर्मनीतून परागंदा होऊन इंग्लंडात आलेले यहुदी डॉक्टर लुडविग गुटमन ह्यांनी सन १९४४ मध्ये स्टोक मँडव्हिल येथे अशा सैनिकांकरिता स्वतंत्र विभाग उघडून दाखवून दिले की ही दोन मरणे टाळता येतात, आणि असा मनुष्य अनेक वर्षे जगून काम करू शकतो. ऑस्ट्रेलियात पर्थ येथील सरकारी इस्पितळात डॉ. जॉर्ज बेडब्रुक ह्यांनी सन १९५४ मध्ये असाच विभाग सुरू केला. मेरीबाईंस अपघात झाला तेच हे वर्ष.

मेरीबाई उपचारांसाठी पर्थ येथे गेल्या. अशा ठिकाणी रोग्याला सर्व काही पहिल्यापासून शिकावे लागते. केवळ हातांच्या जोरावर शरीर उचलून खाटेवरून खुर्चीत कसे सरकावे, वस्त्रे स्वतः कशी नेसावी, मूत्राशयाची वेळ कशी बांधावी, ज्या कातडीला जाणीव नाही तिची आरशात पाहून रोज तपासणी कशी करावी, हे धडे तेथे मिळतात. परिचारिका मदतीस धावत नाहीत. उलट जे रोग्याला करता येण्यासारखे आहे ते त्यालाच करू देतात, मग कितीही वेळ लागो. आपल्याकडे रोग्याची सेवा म्हणजे त्याचे सर्व काही आपण करणे अशी समजूत आहे. त्या समजुतीत प्रेम असते, पण तिने मनुष्य कायमचा पांगळा होतो.

स्वतःस जे मिळाले ते आपल्या देशात कोणास मिळते, हा प्रश्न मेरीबाईंपुढे उभा राहिला. नारळाच्या झाडावरून पडलेला मजूर, विहिरीत कोसळलेला शेतकरी, बैलगाडीखाली सापडलेला पोर, असे किती तरी जण घरच्या कोपऱ्यात पडून सडत होते. त्यांस विमानाने पर्थला कोण नेणार? म्हणून ही विद्या स्वतः शिकून परत आणावी, असा त्यांनी निश्चय केला.

न्यूयॉर्क येथील अभ्यास

त्या वेळी ह्या शास्त्राचे जगातील एक प्रमुख विद्यापीठ न्यूयॉर्क शहरात होते. त्याचे संस्थापक डॉ. हॉवर्ड रस्क हे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करी विमानदलात डॉक्टर होते. जखमी सैनिकांचे हाड सांधले, टाके निघाले, म्हणजे वैद्यकीचे काम संपले असे मानीत. पण तो सैनिक खाटेवर नुसता पडून राहून अधिकच दुबळा होई, हे रस्क साहेबांनी पाहिले. त्यांनी त्यास खाटेवरच व्यायाम, अभ्यास व कामधंदा द्यावयास सुरुवात केली. युद्धानंतर न्यूयॉर्क विद्यापीठाच्या आश्रयाने त्यांनी पुनर्वसनाची मोठी संस्था उभारली, आणि सन १९५५ मध्ये जागतिक पुनर्वसन निधी स्थापन करून इतर देशांतील डॉक्टरांस येथे येऊन शिकण्याची सोय केली. ह्याच निधीच्या शिष्यवृत्तीवर मेरीबाई अमेरिकेस गेल्या.

परदेशी विद्यार्थ्याचे जिणे सोपे नसते. भाषेचा उच्चार निराळा, अन्न निराळे, हिवाळ्यात बर्फ, आणि घरचे कोणी जवळ नाही. मेरीबाईंच्या बाबतीत ह्यात आणखी भर होती. निरोगी विद्यार्थी जो जिना चार उड्यांत चढून जाई तो त्यांच्यापुढे भिंतीसारखा उभा राही. व्याख्यानाला वेळेवर जाणे, रोग्यांच्या दालनांतून फिरणे, रात्री वाचन करणे, हे सर्व खुर्चीवरून व हातांच्या बळावर करावयाचे. तरीही त्यांनी सवलत मागितली ती केवळ वाटेची. अभ्यासात त्या इतरांबरोबरीनेच होत्या.

हे शास्त्र एकट्या डॉक्टरचे नव्हे, ही त्या अभ्यासातील मुख्य गोष्ट होय. कोणता स्नायू किती जोर धरतो हे डॉक्टर मोजतो. व्यायामोपचार करणारा त्या स्नायूस बळकट करतो. व्यवसायोपचार करणारा जेवणे, नेसणे, लिहिणे, शिवणे अशा रोजच्या कामांतून हात पुन्हा घडवितो. कारागीर कृत्रिम पाय, आधाराच्या पट्ट्या व कुबड्या मापाने बनवितो. वाचा गेलेल्यास बोलण्याचा अभ्यास देणारा निराळा, आणि घरची स्थिती पाहून पुढील पोटापाण्याची व्यवस्था लावणारा निराळा. हे सर्व जण एके ठिकाणी बसून एका रोग्याचा विचार करतात. प्रथम विचारावयाचे ते एवढेच, की ह्या मनुष्याजवळ उरले काय आहे, आणि त्यास कोणत्या घरी, कोणत्या कामावर परत जावयाचे आहे. गेले काय ह्याचा हिशेब एकदाच करावयाचा. उरले काय ह्याचा रोज.

स्वदेशी कार्य

अभ्यासक्रम पुरा करून मेरीबाई परत आल्या, व सन १९६३ मध्ये वेल्लोरच्या महाविद्यालयातील पुनर्वसन विभागाच्या प्रमुख झाल्या. आपल्या देशात ह्या शास्त्राची सुरुवात त्यापूर्वी झालेली होती, आणि तिच्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळात सन १९५० मध्ये व्यवसायोपचाराची शाळा निघाली, ती मराठी घरात सून म्हणून आलेल्या, जन्माने अमेरिकन अशा कमलाबाई निंबकर ह्यांच्या खटपटीने. त्यांनीही हे शिक्षण अमेरिकेतच घेतले होते. पुढे सन १९५५ मध्ये मुंबईस हाजीअलीजवळ अखिल भारतीय संस्था सुरू झाली. परंतु एवढ्या मोठ्या देशाच्या मानाने ह्या सोयी फारच थोड्या होत्या. विशेषतः कणा मोडलेल्या खेडुताने काही महिने राहून शिकून घरी जावे, अशा जागेची फार उणीव होती.

ती उणीव भरून काढण्यासाठी मेरीबाईंच्या पुढाकाराने सन १९६६ मध्ये वेल्लोरनजीक बागायम येथे पुनर्वसनाची निवासी संस्था सुरू झाली. तेथे न्यूयॉर्कची विद्या जशीच्या तशी चालण्यासारखी नव्हती. न्यूयॉर्कच्या रोग्याच्या घरी सपाट जमीन, उंच मेज व नळ असतो. तमिळ खेड्यातील रोग्याच्या घरी उंबरठा असतो, चूल जमिनीवर असते, जेवण मांडी घालून होते, आणि दारापुढे चिखलाची वाट असते. महागडी चाकांची खुर्ची त्या वाटेवर दहा पावलेही जात नाही. म्हणून शिक्षण द्यावयाचे ते त्या घराला व त्या वाटेला धरून. रोग्याबरोबर घरचे एक माणूस राहते व तेही शिकते, हा तेथील क्रम फार उपयोगाचा ठरला. कारण इस्पितळातून गेल्यावर डॉक्टर बरोबर जात नाही, आई, बायको किंवा भाऊच जवळ राहतो.

ह्या संस्थेत नव्याने आलेला रोगी बहुधा एकच गोष्ट धरून बसलेला असे, की माझे पाय मला परत द्या. त्याच्यासमोर जी डॉक्टर येई ती स्वतः चाकांच्या खुर्चीत असे. पाय परत मिळणार नाहीत, आणि तरीही आयुष्य संपलेले नाही, ह्या दोन्ही गोष्टी त्याला एकाच दर्शनात कळत. त्याला खोटी आशा दाखविण्याची तिला गरज नव्हती, आणि तो तिला, तुला काय कळते, असेही म्हणू शकत नव्हता.

मेरीबाईंची कीर्ती परदेशीही गेली. डोरोथी क्लार्क विल्सन ह्या अमेरिकन लेखिकेने त्यांचे चरित्र इंग्रजीत सन १९६३ मध्येच प्रसिद्ध केले. सन १९७२ मध्ये भारत सरकारने त्यांस पद्मश्री देऊन गौरविले. अपघातानंतर ३० वर्षांहून अधिक काळ जगून सन १९८६ मध्ये त्या मरण पावल्या. पुढे बागायमच्या संस्थेस त्यांचेच नाव देण्यात आले.

आपण काय घ्यावे

चरित्र वाचून मान डोलवावी व कागद घडी करून ठेवावा, एवढ्यावर हा विषय संपत नाही. आंब्याच्या, चिंचेच्या वा ताडाच्या झाडावरून पडून, छपरावरून किंवा विहिरीत कोसळून, मोटारसायकलच्या अपघातात, आपल्याही गावांत कणे मोडतात. तेव्हा पुढील गोष्टी उपदेशक बंधूंनी व घरोघरच्या आयाबहिणींनी ध्यानी ठेवाव्यात.

पडलेल्या मनुष्याची मान किंवा पाठ दुखत असेल, अथवा पाय हलत नसतील, तर त्याला उठवून बसवू नये, पाठुंगळी घेऊ नये, व हातपाय धरून झोळीसारखे उचलू नये. १०८ ह्या क्रमांकावर गाडी बोलवावी. नेणे भागच असेल तर तीन-चार जणांनी मिळून, मान व पाठ एका रेषेत सरळ राखून, दाराच्या फळीसारख्या सपाट फळीवर घ्यावे. कणा मोडला तरी मज्जारज्जू कित्येकदा शाबूत असतो, आणि तो तुटतो घाईने उचलताना.

घरी असा रोगी असेल तर त्याची कूस दिवसा व रात्री दर दोन तासांनी बदलावी. आपण झोपेतही नकळत वळतो, कारण एका जागी दाब पडून दुखू लागते. त्याला ते दुखणे कळत नाही. हाड व अंथरूण ह्यांमध्ये कातडी चेपून तिचे रक्त थांबते, आणि थोड्या तासांत ती मरू लागते. टाच, ढुंगण, माकडहाड व कुल्ले ह्या जागा रोज डोळ्यांनी पाहाव्यात. कातडी लाल किंवा काळसर दिसली व तो डाग जाईना, तर त्या जागेवर मुळीच भार देऊ नये. अंथरूण कोरडे ठेवावे. खुर्चीत बसणाऱ्याने थोड्या थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन अंग उचलावे. चुलीजवळ पाय पसरू नयेत, कारण भाजले तरी कळणार नाही. कुष्ठरोगाने ज्यांचे हातपाय बधिर झाले आहेत त्यांसही हाच नियम. ज्या अंगाची राखणदारीण गेली, त्याची राखण डोळ्यांनी करावी लागते.

सन २०१६ च्या कायद्याने अशा मनुष्यांस शिक्षण, नोकरी व सरकारी योजनांत हक्क दिलेले आहेत, आणि त्यांसाठी सरकारी इस्पितळातून दिव्यांगत्वाचा दाखला मिळतो. तो मिळवून देण्यासाठी तालुक्याला दोन खेपा घालणे, हीही सेवाच आहे.

आपल्या मंडळ्यांतील मुलेमुली हल्ली व्यायामोपचार, व्यवसायोपचार व परिचर्या ह्या विद्या शिकतात, आणि त्यांपैकी काही परदेशीही जातात. जावे, खुशाल जावे. तेथे पोट चांगले भरते, आणि पोट भरणे हे पाप नव्हे. परंतु जाताना आपल्या गावातील एक अंथरूण ध्यानात ठेवून जावे, कोणते ते ज्याचे त्याला ठाऊक असते. परत येणे झाले तर उत्तमच. न झाले, तर तेथे शिकलेल्यांतील चार गोष्टी त्या घरच्यांस समजतील अशा भाषेत लिहून पाठवाव्यात. मेरीबाईंनी आणलेली विद्या मोठ्या यंत्रांनी टिकली नाही. एका रोग्याजवळ बसलेल्या एका नातेवाइकाला ती समजली, म्हणून टिकली.

आणि ज्यांस कोठेच जावयाचे नाही, त्यांनी आज संध्याकाळी आपल्या आळीत कोपऱ्यात पडलेला जो कोणी असेल त्याच्याकडे जावे. त्याला काय झाले हे विचारू नये. ते त्याने पुष्कळांस सांगून झाले आहे. त्याला आता काय करता येते, ते विचारावे, आणि तेच काम त्याच्या हाती द्यावे.